कुठेही जा, तीच चव

बाईंच्या घरात सुवासिक साबणाला बंदी होती. पावडर, अत्तर, केसांचं वासाचं तेल, भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा पातळ साबण, यांतलं काहीही उंबरठ्याच्या आत येत नसे. कांदा चिरायचा तो स्वयंपाकघराचं दार लावून, आणि लसूण फक्त शनिवारी, कारण रविवारी बाईंना सुट्टी असे. हे नियम बाईंनी लहरीखातर केले नव्हते. ते कंपनीचे नियम होते. कंपनीने ते फक्त बाईंना लावले होते, पण एका माणसाचं नाक सांभाळायचं तर बाकीच्या चौघांनी वासाविना जगायला हवं, हे बाईंनी फार पूर्वीच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं.

कंपनी म्हणजे लालकप. तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते दुकानावरच्या पाटीखेरीज कुणी वाचत नसे. कॉफी लाल कपातून मिळते म्हणून लोक लालकप म्हणत. देशभर दुकानं होती. स्टेशनात, दवाखान्याच्या तळमजल्यावर, कॉलेजासमोर, कोर्टाच्या मागच्या दाराशी. माणूस पास झाला तरी लालकपमध्ये जाई आणि नापास झाला तरी तिथेच जाई. प्रत्येक कपावर एकच ओळ छापलेली असे: 'कुठेही जा, तीच चव.' ही ओळ खरी ठेवणं हे बाईंचं काम.

शहरात आणि आसपासच्या गावांत जेवढी दुकानं होती, तेवढ्यांत बाई आळीपाळीने जात. काउंटरवरच्या पोरी त्यांना बघून केस नीट करत. बाई खुर्चीत बसत, कप पुढे येई, बाई आधी वास घेत, मग चमच्याने घोट घेऊन असा काही सुर्रकन ओढत की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत. तसंच ओढायचं असतं. त्याशिवाय कॉफी टाळूला लागत नाही. मग त्या म्हणत, "दळण बारीक झालंय," किंवा "दूध दुसऱ्यांदा तापवलंय," किंवा "सकाळी यंत्र धुतलंय, पण मनापासून धुतलेलं नाही." दुकानाचा मॅनेजर खाली मान घालून यंत्राची चकती फिरवी. बाई पुन्हा चव घेत. कंपनीचा जो ठरलेला नमुना होता, त्या नमुन्याशी कप जुळेपर्यंत हे चालू राही. नमुना बाईंच्या डोक्यात होता. तो गडद, कडवट आणि थोडा करपल्याच्या काठावर जाऊन परत आलेला असा होता. कंपनीत त्यांना सगळे नाकवाल्या बाई म्हणत आणि त्यात चेष्टा नव्हती.

घरात होती ती थोडी चेष्टा, पण तोंडावर नव्हे. बाईंचा नवरा वीज कार्यालयातून निवृत्त झाला होता आणि सिगारेट सोडून त्याला पुष्कळ वर्षं झाली, असं तो सांगे. एकदा तो फिरून आला, चपला काढल्या, आणि बाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "आधी पुदिन्याची गोळी, मग सिगारेट, मग परत गोळी. पहिली गोळी कशाला वाया घालवली?" तेव्हापासून तो खरोखरच ओढेनासा झाला. मुलगा औषध कंपनीत होता, महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. त्याच्या बॅगेतून तो कुठल्या हॉटेलात उतरला होता ते बाईंना कळे. सुनेला मैत्रिणीने लग्नात अत्तराची एक छोटी निळी बाटली दिली होती. ती तिने न उघडता कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिली. न उघडलेल्या बाटलीबद्दलही बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तुझ्या साड्यांना कसलासा गोडूस वास येतोय." सुनेने बाटली प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळली.

रविवारी बाई स्वतः कॉफी करत. कंपनीच्या बिया, कंपनीचं दळण, नमुन्याबरहुकूम. सगळ्यांना समोर बसवून देत. "कशी आहे?" म्हणून विचारत. सगळे म्हणत, "मस्त." नात होती सात वर्षांची, तिला घरात चिमणी म्हणत. ती एकटी खरं बोलायची, पण तिला कॉफी देत नसत.

मग बाईंना सर्दी झाली.

सर्दी साधीच होती. ताप आला, गेला. नाक वाहिलं, थांबलं. आठवडाभराने बाई उठल्या, कॉफीचा कप नाकाशी नेला, आणि कपातून काहीही आलं नाही. त्यांनी कपात पुन्हा पाहिलं. कॉफी होती. घोट घेतला. तोंडात काहीतरी गरम आणि थोडंसं कडू असं फिरलं आणि खाली गेलं. बाईंना वाटलं, दोन दिवसांत येईल.

आलं नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरने आत बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, "येईल परत. नाहीतर नाही येणार." बाईंनी फी दिली आणि ही गोष्ट पोटात ठेवली.

त्यांच्या आधी या विभागात एक गृहस्थ होते. त्यांना सगळे काका म्हणत. काकांचं नाक सायनसने गेलं. त्यांनी सरळपणे कळवलं, आणि कंपनीनेही सरळपणे त्यांना तळघरातल्या तक्रार कक्षात बसवलं. तिथे दिवसभर फोन घ्यायचा आणि म्हणायचं, "आम्हाला आपली गैरसोय समजते." काका पूर्वी कॉफीच्या चवीवरून ती करणाऱ्या माणसाचं गाव सांगत असत. आता ते घरीही बायकोला म्हणत, "आम्हाला तुझी गैरसोय समजते." बाई त्यांना भेटायला एकदा गेल्या होत्या. तळघराला खिडकी नव्हती. नाक नसलेल्या माणसाला खिडकी कशाला, असा कंपनीचा विचार असावा.

बाई कामावर जात राहिल्या. सुर्रकन ओढत, डोळे मिटत, आणि मग मॅनेजरचा चेहरा बघत. मॅनेजर घाबरलेला दिसला की म्हणत, "दळण बघा." तो फार घाबरलेला दिसला की म्हणत, "दूध." बहुतेक वेळा बरोबर निघे, कारण माणसाला आपलं काय चुकलंय ते ठाऊक असतं. पण नवी माणसं उगाचच घाबरतात आणि जुनी कशालाच घाबरत नाहीत, त्यामुळे हे किती दिवस चालणार ते बाईंना दिसत होतं.

घरी उघडकीला आलं ते दुधामुळे. बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसल्या होत्या, शेजारी गॅसवर दूध होतं. दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं, धूर निघायला लागला. सून आतल्या खोलीतून धावत आली. बाई पेपरचं पान उलटत होत्या.

सुनेने गॅस बंद केला. पातेलं मोरीत भिजत टाकलं. थोड्या वेळाने तिने "कॉफी" म्हणत एक खोल काळा मग आणून दिला. बाईंनी सवयीने वास घेतला, सवयीने ओढली.

"कशी झालीय?" सुनेने विचारलं.

"पाणी जास्त. आणि उकळलीस फार. उकळायची नसते, किती वेळा सांगितलं."

"आई, तो चहा आहे."

बाईंनी मगात बघितलं. मग पेपराची घडी घातली, ती उलगडली, आणि पुन्हा घातली.

"कधीपासून?" सून समोर बसली.

"सर्दीपासून."

"म्हणजे महिना झाला! आणि कामावर?"

"जाते."

"काय करता तिथे?"

"ओढते," बाई म्हणाल्या.

सुनेला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून ते तिने गिळलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती या नाकाच्या हुकमतीत राहत होती. तिच्या माहेरच्या माणसांनी भेटायला येताना परफ्यूम मारू नये म्हणून फोन करावा लागे. आता तिच्या हातात असं काही आलं होतं की मनात आणलं असतं तर घरभर लसूण परतला असता.

"ह्यांना सांगू नकोस," बाई म्हणाल्या. 'ह्यांना' म्हणजे नवऱ्याला. "आणि त्यालाही नको." म्हणजे मुलाला.

"नाही सांगत. पण कंपनीत कळलं तर?"

"तळघर."

सून विचार करत बसली. ती घरी बसून भाषांतराची कामं करायची. कपडे धुण्याच्या यंत्रासोबत जी पुस्तिका येते आणि जी कुणी वाचत नाही, ती मराठीत आणायची. लॅपटॉप घेऊन कुठेही बसलं तरी चालायचं.

"मी येते," ती म्हणाली. "लालकपमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेली बाई कुणाला दिसते का? खुर्चीपेक्षाही कमी दिसते. मी आधी जाऊन बसते. तुम्ही जी घ्याल तीच मी मागवते. चांगली असेल तर कपाचा कान दाराकडे. वाईट असेल तर भिंतीकडे."

"तुला काय कळतं कॉफीतलं?"

"तुमच्यापेक्षा जास्त," सून म्हणाली. "आत्ता तरी."

बाईंनी मगातला उरलेला चहा संपवला.

चिमणी शाळेत गेली की दोघी निघत, पण वेगवेगळ्या. घरात सांगितलं, सुनेला घरात बसून काम सुचत नाही. बसमध्येही एकमेकींपासून लांब उभ्या राहत, हा बाईंचा आग्रह होता. पहिल्या दिवशी सुनेने हौसेने चमच्याने सुर्रकन ओढून बघितली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा वही उचलून पलीकडे जाऊन बसला. त्यानंतर ती इतरांसारखी प्यायला लागली.

पहिल्याच दुकानात कान भिंतीकडे वळला. बाई मॅनेजरला म्हणाल्या, "नाही."

"बाई, नेहमीचंच दळण आहे."

"नाही म्हटलं ना."

त्याने दळण जाड केलं. पुन्हा दोन कप झाले, एक बाईंना, एक 'त्या लॅपटॉपवाल्या मॅडमनी अजून एक सांगितलीय' म्हणून तिकडे. कान भिंतीकडेच. त्याने दूध वाढवलं. कान थोडा हलला, टेबलाच्या मध्यावर येऊन थांबला. बाई म्हणाल्या, "जवळ आलंय." त्याने दूध आणखी तापवलं, फेस वाढवला. कान दाराकडे वळला.

"पास," बाई म्हणाल्या.

मॅनेजरने घाम पुसला. इतक्या बारकाईने तपासणी बाईंनी आजवर केली नव्हती, असं त्याने दुसऱ्या दुकानाच्या मॅनेजरला सांगितलं, आणि दळण कुठल्या खुणेवर लावलंय तेही सांगितलं.

चार-सहा आठवड्यांत मॅनेजर लोकांना अंदाज आला. बाई यायच्या आधीच ते दळण जाड ठेवू लागले, दूध सढळ हाताने घालू लागले. बाई जात आणि कान दाराकडेच असे. बाईंच्या जिभेला तेवढा एक कडूपणा उरला होता, तोही आताशा कमी लागे. त्यांना वाटलं, नाकामागोमाग जीभही चालली. हे त्यांनी सुनेलाही सांगितलं नाही. एका माणसाने एका वेळी किती गमावल्याचं कबूल करायचं?

घरात मात्र बरे दिवस आले होते. नवऱ्याने एके संध्याकाळी बाल्कनीत भीत भीत एक सिगारेट ओढली. आत आला, चपला काढल्या, बाईंसमोरून गेला. बाईंनी त्याला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी त्याने गोळी न खाता ओढली. तिसऱ्या दिवशी तो मुलाला फोनवर म्हणाला, "वयानुसार तुझी आई फार निवळली रे." सुनेने निळी बाटली तीन पिशव्यांतून काढली आणि मनगटाला एक थेंब लावला. काही झालं नाही. मग रोज लावू लागली. मंगळवारी लसूण परतला गेला. स्वयंपाकघराचं दार उघडं राहू लागलं, आणि दार उघडं राहिलं की बायका एकमेकींशी बोलतात, तशा या दोघी बोलू लागल्या.

रोज सकाळी सून विचारी, "आज काही आलं का?"

"नाही गं. अजून काही नाही."

ताप उतरला का असं विचारावं तसं ती विचारायची. आजवर या घरात बाईंना कुणी असं काही विचारलं नव्हतं. बाईच विचारत असत.

एकदा परतताना बस रिकामी होती, म्हणून दोघी शेजारी बसल्या. बाई म्हणाल्या, "तुला कसं कळतं गं, नमुन्याशी जुळलं ते? मी शिकवलं तर नाही."

"नमुन्याशी?"

"कंपनीचा नमुना. रविवारी मी करते ती. करायचे ती."

सून खिडकीबाहेर बघायला लागली.

"अगं बोल."

"आई, मी नमुना-बिमुना काही बघत नाही. मला आवडली की कान दाराकडे करते."

बाई सरळ बसल्या. "आणि रविवारची?"

"खरं सांगू?"

"आता काय राहिलंय?"

"औषधासारखी लागायची. मला तरी. बाबा कुंडीत ओततात, म्हणून तर ते गुलाबाचं झाड गेलं. आणि हे म्हणतात, आईची कॉफी प्यायलो की रविवारी दुपारची झोप जाते."

"सगळे मस्त म्हणायचात."

"म्हणजे काय, समोर बसलेल्या असायचात तुम्ही."

नोकरीच्या आयुष्यात त्यांनी दूध दुसऱ्यांदा तापवलं तर ओळखलं होतं, यंत्र मनापासून धुतलं नाही तर ओळखलं होतं. आणि आपल्याच घरातलं हे एवढं त्यांच्या नाकापर्यंत कधी आलं नव्हतं. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस सगळ्या दुकानांत तुझ्या आवडीची कॉफी चाललीय."

"चालेल ना?" सुनेने विचारलं.

"कशी चालेल?" बाई म्हणाल्या. "पकडले जाऊ."

पकडायला माणूस पुढच्याच आठवड्यात आला. मुख्य कार्यालयातून साहेब आले. सगळ्या देशाच्या चवीवर देखरेख करणारे हे साहेब बाईंच्याच बरोबरीचे होते; दोघं एकाच वर्षी कंपनीत लागले, एकाच टेबलावर शिकले. साहेबांचं नाक बाईंच्या खालोखाल होतं, हे साहेबही मानत.

दवाखान्याखालच्या दुकानात दोघं बसले. सून आपल्या जागी होती, पण साहेब अंगाने भारदस्त, आणि नेमके मधे बसले. बाईंना त्यांच्या खांद्यापलीकडे लॅपटॉपचा एक कोपरा तेवढा दिसत होता. कप तर नाहीच.

कॉफी आली. साहेबांनी वास घेतला. सुर्रकन ओढली. पुन्हा ओढली. रुमालाने ओठ टिपले.

"बाई, तुम्ही घ्या."

बाईंनी घेतली. गरम होती. मान इकडे करून पाहिली, तिकडे करून पाहिली. साहेबही तिकडेच झुकले.

"मान धरलीय का?"

"थोडी."

"बरं, सांगा. ही नमुन्यात बसते?"

बाई डोळे मिटून बसल्या. हो म्हणावं तर साहेबांचं नाक शाबूत होतं. नाही म्हणावं तर पास कुणी केली, हा प्रश्न येणार. तळघराचा जिना त्यांच्या डोळ्यांसमोर आला. शेवटी त्यांनी त्यातल्या त्यात खरं असेल तेच सांगितलं.

"नाही बसत."

"मला वाटलंच," साहेब म्हणाले. "फिकी आहे. दुधाळ आहे. ही आपली कॉफी नाही." त्यांनी कप बाजूला सरकवला. बाईंनी पर्स मांडीवर घेतली, म्हणजे उठायला बरं. "पण तुमच्या विभागात जेवढी खपते तेवढी कुठेच खपत नाही. कपात घोटभरसुद्धा उरत नाही. भांडी घासणाऱ्यांनी सांगितलं. तक्रारीचे फोन बंद झालेत. काका तळघरात कोडी सोडवतात. मला वरून सांगितलंय, बाईंनी काय केलं ते विचारून या."

बाईंनी पर्स परत खाली ठेवली.

"मी त्यांना म्हटलं, बाई चुकून काही करणार नाहीत. त्यांनी लोकांचं तोंड ओळखलंय. आपण दोघं मात्र नमुना उराशी धरून बसलो."

"तसं काही नाही," बाई म्हणाल्या. हेही खरंच होतं.

"मोठेपणा आहे तुमचा. तर पुढच्या महिन्यापासून हाच नमुना. देशभर. आणि तो सांभाळायचा तुम्ही." साहेबांनी बॅगेतून पत्र्याचा एक डबा काढला. "ही जुनी. शेवटच्या भाजणीतली. आता लागणार नाही. घरी ठेवा, आठवण म्हणून."

साहेब उठले तेव्हा बाईंना पलीकडचं टेबल दिसलं. सुनेच्या कपाचा कान दाराकडे होता, आणि सून स्वतः रडवेली झाली होती. साहेब जाताजाता तिच्याजवळ थांबले. "कॉफी आवडली का, मॅडम?"

"हो," सून म्हणाली. "खूप."

"बघा," साहेब बाईंना म्हणाले.

नाक परत आलं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, बसमध्ये. आधी बाईंना वाटलं, कुणीतरी संत्रं सोलतंय. वळून पाहिलं तर खरंच मागच्या सीटवर एक बाई संत्रं सोलत होती. मग डिझेल आलं. मग कुणाच्यातरी न वाळलेल्या शर्टाचा कुबट वास आला, आणि तोही बाईंनी मन भरून घेतला. आणि मग अगदी जवळून एक गोडूस, उग्र, स्वस्तातला वास आला. सून शेजारी बसली होती. तिच्या मनगटाचा होता. बाईंच्या ओठांवर वाक्य आलं. 'हे काय फासलंयस?' असं ते वाक्य होतं.

"आज काही आलं का?" त्याच क्षणी सुनेने विचारलं. सकाळी विचारायचं राहिलं होतं.

बाईंनी तोंड उघडलं. मग ते तसंच थोडा वेळ उघडं ठेवलं.

"आधी दुकान करू," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

दुकान कॉलेजासमोरचं होतं. भरलेलं होतं. बाईंच्या पुढे कप आला. देशभराचा नमुना. त्यांनी वास घेतला आणि त्यांना नात तान्ही असतानाची बाटली आठवली. सुर्रकन ओढली. गरम दुधात कॉफीचं नुसतं नाव घेतलं असावं अशी चव. बाईंनी आणखी एक घोट घेतला, चूक आपली नाही ना हे बघायला. चूक आपली नव्हती. म्हणजे होती, पण चवीत नव्हती. नमुना तंतोतंत जुळत होता.

मॅनेजर हात बांधून उभा होता. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. पोरं-पोरी पीत होत्या. कुणी नाक मुरडत नव्हतं, कुणी कुंडी शोधत नव्हतं. पलीकडे सुनेने पुस्तिकेतलं वाक्य अर्धं ठेवून कप दोन्ही हातांत धरला होता. ती डोळे मिटून पीत होती. मग तिने कप खाली ठेवला आणि त्याचा कान काळजीपूर्वक दाराकडे वळवला.

नाक आलं म्हटलं की उद्यापासून ही इथे बसणार नाही. बाटली परत तीन पिशव्यांत जाईल. स्वयंपाकघराचं दार लागेल. नवरा पुन्हा गोळ्या खाईल आणि बाई पुन्हा ओळखतील. साहेबांना कळवावं लागेल, की देशभर जी कॉफी चाललीय ती वाईट आहे आणि लोकांना आवडते ती हीच. बाईंनी हे सगळं एका घोटाएवढ्या वेळात करून पाहिलं.

"पास," त्या म्हणाल्या.

परतताना सून म्हणाली, "सकाळचं राहिलंच. काही आलं का?"

अत्तर घामात मिसळून आणखीच उग्र झालं होतं. बाईंनी खिडकी थोडी उघडली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "अजून काही नाही. तू आहेस ना."

"मी आहे," सून म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. सगळा रस्ता बाई तोंडाने श्वास घेत होत्या.

त्यानंतरच्या एका दुपारी घरात कुणी नव्हतं. सून चिमणीला आणायला गेली होती, नवरा फिरायला. बाईंनी आपल्या कपाटातून, साड्यांच्या मागून, पत्र्याचा डबा काढला. तो त्यांनी तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवला होता. स्वयंपाकघराचं दार लावलं. जुन्या पद्धतीने, जुन्या दळणाची, बिनदुधाची कॉफी केली. वास घेतला. बराच वेळ नुसता वासच घेत उभ्या राहिल्या. मग ओढली, आणि रिकाम्या घरात तो आवाज चांगलाच मोठा वाटला. कप धुतला. पातेलं धुतलं. दोन्ही खिडक्या उघडल्या, पंखा लावला, आणि एक लसणाची पाकळी ठेचून ओट्यावर ठेवली.

दार वाजलं. नवरा आला, चपला काढल्या, आणि आत येताना मधेच थांबला. त्याच्या अंगाला सिगारेटचा वास होता, एक नव्हे, दोन. त्याने नाक वर केलं.

"कसला गं वास येतोय?"

बाईंनी पेपर उलगडला.

"कसला?" त्या म्हणाल्या. "मला तर काही येत नाही."